काल्पनिक हिमपर्वत रचताय? धौलाधार समोर ठेवा, नाहीतर लडाख

कादंबरीसाठी किंवा एखाद्या गेमसाठी बर्फाळ डोंगररांग रचायला बसलं की आधी शिखरांची नावं सुचतात. माझंही तसंच झालं होतं. पहिल्या नकाशात मी देवदाराच्या दाट रानात हिमबिबट्या सोडला होता आणि त्या रानाला लागूनच उघडे, तांबूस कडे रंगवले होते. दिसायला झकास, पण एकाच उतारावर हे सगळं नांदत नाही.

खरा प्रश्न पाऊस कुठल्या बाजूने येतो हा. आपल्याला हे घरचंच आहे: महाबळेश्वरला धुकं आणि धो-धो पाऊस, तर माण-खटावला टँकर. हिमालयात हिमाचलमधली धौलाधार रांग म्हणजे महाबळेश्वर आणि लडाख म्हणजे माण. बर्फ दोन्हीकडे आहे, म्हणून फसायला होतं.

धौलाधारची गंमत तिच्या चढात आहे. हजार मीटरपेक्षाही कमी उंचीच्या कांगडा खोऱ्यातून ही रांग मधे फारशा पायऱ्या न घेता साडेचार हजारांच्या वर जाते. पायथ्याजवळच्या धरमशालेत वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो. त्यामुळे चढताना दर काही तासांनी झाडी बदलते: आधी चीड, मग बान ओक आणि लाल फुलांचा बुरांश, पुढे देवदार आणि फर. साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडं संपतात आणि नुसती कुरणं उरतात. अस्वल, मोनाल पक्षी, दरडी, सतत भरून येणारं आभाळ, सगळं फुकटात मिळतं.

आणि गद्दी मेंढपाळ. हिवाळ्यात पायथ्याच्या टेकड्यांत, उन्हाळा लागला की ४,३४२ मीटरवरच्या इंद्रहारसारख्या खिंडी चढून पलीकडे, त्यांतले बरेच पार लाहौलपर्यंत. लाहौल पर्जन्यछायेत येतं, म्हणजे मेंढरं पावसातून सुटतात. आपले धनगर पावसाळ्याआधी कोकणातून घाट चढून देशावर येतात, तोच हिशोब. तुमच्या कथेत माणसं सारखी वाटेवर असतील तर ही रांग घ्या.

लडाखमध्ये उलटं. लेह ३,५०० मीटरवर, आणि वर्षाचा पाऊस जेमतेम १०० मिमी. इथे नवखा लेखक हमखास चुकतो: थंडी जास्त म्हणजे बर्फही जास्त, असं तो धरतो. पण पडतंच कमी, म्हणून कायमचं बर्फ पाच हजारांच्याही बरंच वर सुरू होतं आणि त्याखाली उघडा दगड दिसतो, जांभळा, पिवळट, राखाडी. जंगल जवळजवळ नाहीच. मात्र उघड्या उतारांवर भरल (डोंगरी रानमेंढ्या) चरतात आणि त्यांच्या मागावर हिमबिबट्या असतो. २०२४ साली जाहीर झालेल्या गणनेत देशातल्या ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये होते. तो पात्र म्हणून हवाच असेल तर निवड झालीच समजा.

गावं बघा. ओढ्याने आणून टाकलेल्या गाळाच्या पंख्यावर जवाची शेतं, थोडे जर्दाळू, कडेला विलो. वरच्या अंगाने पाट गेलेला असतो. पाटाच्या खाली हिरवं, वर राखाडी, मधली रेघ कात्रीने कापल्यासारखी. पाण्याची पाळी लावायला गाव ‘छुरपोन’ नेमतं. पेरणीला पाणी वसंतात लागतं, हिमनद्या मात्र उशिरा, उन्हाळा तापल्यावर वितळतात. हीच अडचण ओळखून लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यातलं वाया जाणारं पाणी शंकूच्या आकारात गोठवून ठेवायचा ‘बर्फाचा स्तूप’ उभा केला. दोन महिन्यांच्या या फटीत एक अख्खी कादंबरी मावेल.

दोन्ही हवंच असेल तर एकामागे एक रांगा घाला, पावसाच्या बाजूला हिरवी, आड कोरडी. मात्र मधलं अंतर नकाशावर खरंच दाखवा. धौलाधार आणि लडाखच्या मधे पीर पंजाल आणि झांस्कर अशा रांगा उभ्या आहेत.

कळप, वाटा आणि दरडी लिहायच्या असतील तर धौलाधार सोपी. वाचकाला जंगल ओळखीचं वाटतं. लडाखमध्ये पान भरायला झाडं नसल्याने वर्णन कष्टाचं होतं. तरी माझी आत्ताची रांग कोरडीच आहे, कारण छुरपोन वाचल्यावर मला आमच्याकडचा पाटकरी आठवला आणि नायक मिळाला.