१९४४ ची फोर्ड जीप, दोन गॅरेज आणि एक परका ॲक्सल

गाडी फोर्ड जीपीडब्ल्यू, १९४४ ची. आपल्याकडे तिला लो बॉनेट म्हणतात, जुने ड्रायव्हर डिस्पोजलची, म्हणजे लष्कराने विकून टाकलेली, जीप म्हणतात. घेतली पुण्याजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडून, सव्वाचार लाखांना. खऱ्या अर्थाने ती गाडी झाली कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका बोळात, आणखी साडेपाच लाख आणि पावणेदोन वर्षं गेल्यावर. अशी जीप घ्यायचं कुणाच्या डोक्यात असेल तर माझा हिशेब वाचून मग पुण्याची गाडी पकडा.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. जीपचं वेड माझं नाही, माझ्या वडिलांचं, अण्णांचं. ते पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. दूधगंगेच्या कालव्याच्या कामावर साहेबांना घेऊन ते महिंद्राची जीप चालवायचे, आणि घरी आले की खाकी शर्टाला ग्रीस आणि पेट्रोलचा वास असायचा. निवृत्तीनंतर रस्त्यात जुनी जीप दिसली की बोलणं मध्येच तोडून तिच्याकडे बघत राहायचे. एवढंच कारण.

डीलरकडची गाडी हिरवीगार, चकचकीत. तिथेच शंका यायला हवी होती. लढाईतल्या जीपचा रंग मुद्दाम मंद ठेवलेला असायचा, वरून विमानाला चमक दिसू नये म्हणून. आमची गाडी आरशासारखी लखलखत होती. पण मी थोडा अभ्यास करून गेले होते आणि त्याचाच मला गर्व. बंपरच्या मागे वाकून बघितलं. हीच जीप विलीज नावाची दुसरी कंपनीही बनवायची. पुढचा आडवा दांडा विलीजच्या गाडीत गोल पाइपचा असतो, फोर्डच्या गाडीत चौकोनी, उलट्या पन्हळीसारखा. इथे चौकोनी होता. म्हणजे चासी, खालचा सांगाडा, फोर्डची. डीलरने मग बोल्टांच्या डोक्यांवरचा इंग्रजी एफ दाखवला. फोर्डने बारीकसारीक भागांवरही आपलं अक्षर ठोकलेलं असायचं. तो एफ बघितला आणि मी बाकी काही बघायचंच विसरले.

अण्णा मात्र गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "रंग लई हाय."

घरी आणल्यावर मी फ्रिजवरचं चुंबक घेऊन बसले. मागच्या चाकांवरच्या पत्र्याला चुंबक चिकटेना. पुट्टी होती, बोटभर जाड. पहिल्या पावसात ड्रायव्हरच्या पायाखालची जमीन मऊ लागायला लागली. या जीपच्या फरशीखाली मजबुतीसाठी पत्र्याच्या पन्हळी असतात आणि त्यांच्या आत लाकूड भरलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं आणि पत्रा आतून खातं. वरून कितीही रंग मारा, सडायची सुरुवात तिथूनच. डीलरने कुजलेल्या पन्हळींवरच नवा पत्रा झाळून टाकला होता.

हे सगळं मी माफ केलं असतं. पत्रा मिळतो, डेंटर मिळतात. खरी गोम फोर बाय फोरमध्ये निघाली.

पन्हाळ्याच्या पायथ्याला माझ्या मावसभावाचं शेत आहे. पावसाळ्यात तिथे गेलो. अण्णांनी पुढच्या ॲक्सललाही ताकद जोडणारा दांडा टाकला, आणि गाडी चालायच्या ऐवजी हिसके द्यायला लागली. स्टिअरिंग जड. आतून कुणीतरी उलटं ओढतंय असं वाटावं. शेतातून बाहेर काढली तर दांडा अडकून बसला, दोन फूट रिव्हर्स घेतल्याशिवाय सुटेना. डीलरला फोन केला.

"मॅडम, फोर व्हील डांबरी रोडवर लावायची नसते."

"शेतात लावली होती."

"मग गाडी गरम करून लावा."

त्याचं पहिलं वाक्य खरंच आहे. या गाड्यांत पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल यांच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे वेगातला फरक सामावून घेणारे गिअर, नसतो, कोरड्या रस्त्यावर वळताना दोन्ही ॲक्सल भांडतातच. खरं वाक्य ढालीसारखं कसं धरायचं ते त्याला पक्कं माहीत होतं.

मग शहरातलं एक गॅरेज. काचेची केबिन, भिंतीवर परदेशी गाड्यांचे फोटो, कॉफी. चार महिने गाडी तिथे. निदान झालं, ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी, गेलीय. आतले गिअर बदलले, बिल अठ्ठेचाळीस हजार, जीएसटी वेगळा. गाडी आणली, शेतात नेली, तेच हिसके. परत विचारलं तर म्हणाले, जुनी गाडी आहे मॅडम, एवढं चालायचंच.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींचा पत्ता अण्णांच्या खात्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने दिला. पाटी नाही. एका बाजूला लेथ, दुसऱ्या बाजूला क्रँक ग्राइंडिंगवाला, मध्ये यांचं शेड. मिस्त्री सत्तरीचे, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा. सगळं ऐकून घेतलं आणि काहीही न खोलता विचारलं, "खडू हाय का तुमच्याकडं? मास्तरीण न्हवं तुम्ही?"

माझ्या पर्समध्ये खडू असतोच.

गाडीची चारही चाकं उचलून स्टँडवर घेतली. चाकावर एक खूण, ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर एक खूण. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला त्यांचा पोरगा, दोघांनी पुढची दोन्ही चाकं बरोबरीने दहा वेळा फिरवली आणि मिस्त्री खाली आडवे पडून शाफ्टचे फेरे मोजत राहिले. एकोणपन्नासला किंचित कमी. मग मागची चाकं. चोपन्नला किंचित कमी.

मला हसू फुटलं, कारण पुढचं गणित माझंच होतं. ॲक्सलमधली शाफ्टचा फेरा चाकांना देणारी गिअरची जोडी म्हणजे क्राऊन-पिनियन. लढाईच्या जीपचा ३९ आणि ८ दात्यांचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ४.८८. नंतरच्या सिव्हिलियन जीपचा, आणि तिच्यावरून आलेल्या महिंद्राचा, ४३ आणि ८ दात्यांचा, ५.३८. आमच्या गाडीला पुढे फोर्डचा ॲक्सल होता आणि मागे कुणीतरी महिंद्राचा बसवला होता. टू व्हीलमध्ये काही कळत नाही. दांडा टाकला की दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, आणि पुढची चाकं मागच्यांपेक्षा दहा टक्के जास्त पळू बघतात. कुठलीही ट्रान्स्फर केस घाला, भांडण मिटणार नाही. काचेच्या केबिनवाल्यांना खडूचा एक तुकडा जड झाला.

"ही जीप न्हवं, खिचडी हाय," अण्णा म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "खिचडी चालती ओ, पण मीठ एका हातानं पडाय पायजे."

खिचडी होणं तसं अटळच. विलीजने या जीपा सुमारे तीन लाख साठ हजार केल्या, फोर्डने त्याच नकाशावर पावणेतीन लाखांच्या वर. नावातला डब्ल्यू विलीजचाच. युद्धात त्या जहाजांनी हिंदुस्थानात आल्या, युद्ध संपल्यावर लष्कराने विकून टाकल्या. त्यानंतर दोन-चार वर्षांतच महिंद्राने मुंबईत विलीजच्याच जीपा जोडायला घेतल्या, त्यामुळे सुटा भाग मिळणं सोपं झालं आणि प्रत्येक दुरुस्तीत मूळ गाडी थोडी थोडी कमी होत गेली. आमच्या गाडीचं इंजिन विलीजचं निघालं, गिअरबॉक्स महिंद्राचा. त्यातलं मी काही बदललं नाही. एफचे बोल्ट परदेशातून मागवणारे लोक आहेत, फिलिपिन्समधून अख्खी नवी बॉडीही मागवता येते. मला त्यात रस नाही. मला दांडा टाकल्यावर गाडी चढायला हवी होती.

मूळ मागचा ॲक्सल मिळाला शिरोळ तालुक्यात, एका पाण्याच्या टाकीच्या ट्रॉलीखाली. या जीपच्या मागच्या ॲक्सलमधून चाकं फिरवणारे आतले दोन दांडे काढले तरी चाकं जागेवर राहतात आणि मोकळी फिरतात, म्हणून कुणीतरी तो ट्रॉलीचा आस करून टाकला होता. क्राऊन-पिनियन इतकी वर्षं फिरलेच नव्हते. कव्हर उघडलं तर आत काळंकुट्ट घट्ट ऑइल आणि त्याखाली कोरे करकरीत दाते, ३९ आणि ८. शेतकऱ्याने ट्रॉलीला दुसरा आस घालून द्यायच्या अटीवर चौदा हजारांत दिला. आतले दांडे मिस्त्रींच्या भंगारातून निघाले.

इंजिनचं काम सरळ झालं. २.२ लिटर, साइड व्हॉल्व्ह, साठ घोड्यांचं. सिलिंडरला नवे स्लीव्ह, शेजारी क्रँक ग्राइंडिंग. मागच्या बेअरिंगला सीलच्या जागी दोरी असते, तिथून थेंब पडतोच. पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा मात्र इथेनॉलला टिकेल असाच घाला. जुनं रबर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये फुगतं. आमच्याच उसाचं इथेनॉल आमच्याच जीपचं रबर खातंय, पण आता कुणाला सांगायचं?

मिस्त्रींबद्दल तक्रारीही आहेत. तीन महिने म्हणाले होते, पावणेदोन वर्षं लागली. पक्कं बिल नाही, दोनशे पानी वहीत पेन्सिलीने सगळं. फोन उचलत नाहीत, जाऊन उभं राहावं लागतं. आणि मूळची सहा व्होल्टची वायरिंग मला न विचारता बारा व्होल्टची करून टाकली. मी चिडले. ते म्हणाले, "गगनबावड्याच्या घाटात रात्री बॅटरी बसली तर सहा व्होल्टची कुठनं आणशीला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी राग आहे.

आता चालवायला कशी? पायाने दाबायचा स्टार्टर, पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअरचे वेग जुळवणारी सोय, नाही, म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच, दोनदा क्लच दाबून. अण्णांना ते श्वासासारखं येतं, मी अजून दात खरडते. साठच्या वर नेऊ नका, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत, आणि हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्स्फर केसच्या मागे शाफ्ट धरतो. स्टिअरिंग डावीकडे. कायद्याने चालतं, पण वळायचा इशारा देणारी यंत्रणा चालू हवी. ओव्हरटेक करायला शेजारी बसणारा माणूस विश्वासाचा हवा. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, त्यामुळे पंपावर उठून, सीट उचलून उभं राहायचं. मागे रांग लागते आणि सगळे फोटो काढतात. लिटरला सात किलोमीटर. डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत. हायवेवरच्या एका पंक्चरवाल्याने मी सांगत असताना नेहमीच्या बाजूने जोर लावून दोन स्टड तोडले.

कागदांचं थोडक्यात. पन्नास वर्षांवरच्या गाडीसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी मिळते. नवी नोंदणी वीस हजारांत, दहा वर्षांसाठी, नंबरात व्हीए. पण मग गाडी रॅलीला, प्रदर्शनाला किंवा दुरुस्तीला न्यायची, रोज फिरवायची नाही. आमच्या गाडीची जुनी नोंदणी जिवंत होती, ती मी सोडली नाही. डीलरचं एवढं एकच काम चोख होतं.

डीलरला पाचपैकी एक, तो कागदांचा. केबिनवाल्यांना शून्य, कॉफी बरी होती. मिस्त्रींना साडेचार. अर्धा वायरिंगचा कापला.

काढलेला महिंद्राचा मागचा ॲक्सल आमच्या पडवीत तुळशीजवळ पडून आहे आणि आई रोज त्यावरून बोलते. ५.३८ चा, दाते चांगले, ब्रेक ड्रमसकट. कुणाला हवा असेल तर या, किंमत अण्णा ठरवतील. येताना आपल्या पुढच्या ॲक्सलचे फेरे मोजून या. खडू माझ्याकडे आहे.