लॉराचं ट्रॅक्शन कंट्रोल आठ महिने बंद ठेवून

2009 ची स्कोडा लॉरा, डिझेल. पुढचं उजवं बेअरिंग बदललं आणि त्यानंतर एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारं) आणि ईएसपी (घसरती गाडी सावरणारं) यांचे दिवे ये-जा करायला लागले. गाडी बंद करून चालू केली की गायब, दहा-पंधरा किलोमीटरवर परत हजर. त्याआधीची दहा मिनिटं जास्त त्रासाची, कारण तेव्हा यंत्रणा चाकांच्या वेगाच्या चुकीच्या आकड्यांवर काम करते. चाक घसरलेलं नसताना एएसआर, म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल, इंजिनाचा जोर काढून घेतं, तेही नेमकं ओव्हरटेकच्या वेळी. वर्कशॉपचं निदान: एबीएस मॉड्यूल गेलं, पाच आकडी खर्च.

म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायचं बटण. पहिले तीन महिने वाटलं, प्रश्न मिटला. ओल्या मातीच्या चढावर तर बंदच बरं, चाक थोडं फिरलं तरच गाडी वर येते. वैताग एवढाच की दर इग्निशनला पुन्हा दाबावं लागतं.

आता मत बदललंय. बटणाने फक्त एएसआर बंद होतं. ईएसपी आणि एबीएस चालूच राहतात, आणि त्याच चुकीच्या आकड्यांचं ऐकतात. सिग्नलला गाडी जेमतेम 10 च्या वेगाने थांबत असते, पेडल खडखडतं आणि गाडी हातभर पुढे सरकते. कोरड्या रस्त्यावर! तो हातभर म्हणजे पुढच्याचा बंपर.

फ्यूज काढायचा सल्ला हमखास मिळतो. काढू नका. एबीएससोबत ईबीडी (पुढच्या-मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाटून देणारं) जातं, मग जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरू शकते. शिवाय या गाडीत वेगाचा आकडा एबीएसकडूनच येतो, त्यामुळे स्पीडोमीटरही झोपतो.

खरं दुखणं बेअरिंगच्या सीलमध्ये. तिथे चुंबकी रिंग असते, तिच्यावरूनच सेन्सर चाकाचा वेग मोजतो; डोळ्याला नुसतं काळं रबर दिसतं. स्वस्त बेअरिंग युनिटमध्ये ती कमजोर निघते; चांगल्या युनिटचीही वाट लागते, कारण मेकॅनिक ते नटबोल्टच्या चुंबकी ताटलीत ठेवतो. ही ताटली दिसली तर तिथल्या तिथे बेअरिंग उचलून घ्या, लाजू नका.

तपासणी सोपी आहे. स्कॅनरवर 00285 म्हणजे पुढचा उजवा सेन्सर, 00283 पुढचा डावा. पण कोड बघून सेन्सर विकत घेऊ नका. चारही चाकांचे वेग लाइव्ह लावा, 20 च्या वेगाने सरळ चालवा. तिघं 20 दाखवतात आणि एक मधेच शून्यावर आपटतं, ते चाक दोषी. मल्टिमीटरने ओहम मोजणं जुन्या कॉइल सेन्सरला ठीक, हा ॲक्टिव्ह प्रकारचा आहे, त्यातून काही कळत नाही. सेन्सर काढून टोकाला चिकटलेला ब्रेकचा लोखंडी चुरा पुसा, भोक साफ करा. तरी आकडा पडला तर दोष रिंगचा.

नवं युनिट बसवताना ॲक्सलचा बोल्ट नवाच हवा. तो सैल असताना गाडीचं वजन चाकावर येऊ देऊ नका, नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. बॅटरी काढली असेल तर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून थोडं सरळ चालवा, ईएसपीचा दिवा विझतो.

नव्या युनिटचा खर्च चार आकडी आला. मॉड्यूल जुनंच आहे, ठणठणीत. बटण आता फक्त चिखलात दाबलं जातं.