म्हैस, माणूस आणि पंचगंगा: दोन एचिंगमधलं कुठलं ठेवावं?

दाजींनी नव्या घरासाठी दोन एचिंग आणलीत, म्हणजे आम्लानं कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरनं कागदावर छापलेली चित्रं. एक ठेवायचं, दुसरं परत. विषय दोन्हीकडं तोच: घाटाच्या पायरीखाली, कमरेइतक्या पाण्यात म्हैस धुणारा माणूस.

पहिलं निव्वळ रेघांचं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप, तो सुईनं खरवडत चित्र काढायचं, मग पत्रा आम्लात; मेण निघालेल्या रेघा तेवढ्या आम्ल खातं. जितका वेळ आत, तितकी रेघ खोल आणि छापल्यावर काळी. म्हशीच्या पोटाखालची सावली तशीच गडद आलीय. पाठीवर नुकतं पाणी ओतलंय, तिथं मात्र एकही रेघ नाही. कोराच कागद, पण ओला वाटतो. गड्याच्या मुठीत काथ्याचा बोळा आहे, हे मला चित्राला नाक लावल्यावर दिसलं. फ्रान्सच्या मिले या चित्रकारानं एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांची एचिंग केली, ती याच घराण्यातली.

गडी डावखुरा दिसतो. तसा तो नसावा. पत्र्यावरचं छापताना उलटं येतं, आणि पंचगंगेवरचा शिवाजी पूलही भलत्याच हाताला गेलाय. दाजी म्हणतात चूक. मला वाटतं, चित्रकार पत्रा मांडीवर घेऊन घाटावरच, समोर दिसेल तसं काढत बसला असणार.

दुसऱ्यात ॲक्वाटिंट आहे. राळेची बारीक पूड पत्र्यावर पसरून तापवतात, आम्ल कणांच्या मधनं पत्रा खातं आणि रेघेऐवजी राखाडी छटा मिळते. नदीवर धुकं, म्हैस म्हणजे एक काळा डाग नि दोन शिंगं. कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची तिथल्या कोटितीर्थ तळ्याची चित्रं ज्यांच्या डोळ्यांत आहेत, त्यांना हेच भावेल. दहा फुटांवरनं सरसच. जवळ गेलं की माणसाचा चेहरा विरघळतो.

म्हणून भिंत दारातनं दिसणारी असेल तर दुसरं ठेवावं, खुर्ची टाकून बसायची जागा असेल तर पहिलं. माझं मत पहिल्याला.

घेण्याआधी पत्र्याच्या कडेचा दबलेला ठसा बोटाला लागतो का बघा. खाली पेन्सिलीनं सही नि ७/२५ असा आकडा असतो. म्हणजे पंचवीस प्रतींतली सातवी. भिंगातून एकसारखे ठिपके दिसले तर ती मशीनची छपाई. आणि फ्रेमवाल्याला काच नि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. आपल्याकडं जुलैत भिंती ओल धरतात, कागद काचेला चिकटला की बुरशी आलीच. दाजींनी ठरवलेली भिंत तर बाथरूमला लागून आहे.