छत्तीस फुटांवरची अँग्रिया

सांगलीच्या माणसाला पाण्याची खोली फुटात कळते. आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे आमच्या घरातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ च्या महापुरात तो आकडा ५७ च्या वर गेला तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर होतो. अशा गावच्या सहा जणांना एका माणसानं जेमतेम ३६ फूट पाण्यावर नेऊन उभं केलं आणि 'हीच अँग्रिया बँक', म्हणजे खोल समुद्रातलं प्रवाळांचं पठार, असं म्हणत ४८,००० रुपये घेतले. लिहायला लाज वाटते. पण त्याचा धंदा अजून चालू आहे.

आम्ही सहा जण म्हणजे मी, आमचे दाजी, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले अण्णा, मार्केट यार्डातले दोन गाळेवाले आणि माझा भाचा. रविवारी हरिपूरला संगमावर गळ टाकून बसायचं, हा आमचा जुना नाद. चिलापी, कधी कटला, नशीब असेल तर वाम. घरी नेलं तर बायका नाकं मुरडतात, म्हणून निम्मे मासे तिथंच वाटून टाकायचे. भाच्यानं ऑनलाइन साडेतीन हजारांची रॉड मागवली आणि तिथून समुद्राचं खूळ डोक्यात शिरलं.

गळवाल्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या माणसाचा व्हिडिओ आला होता. दंडाएवढ्या तांबोशा धरून हसणारी माणसं, आणि वर लिहिलेलं, 'अँग्रिया बँक, एक रात्र, खोल समुद्रातली कोरलवरची फिशिंग'. अँग्रियाचं नाव मी ऐकून होतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्रात बुडालेलं प्रवाळांचं पठार, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. सगळ्यात उथळ जागीसुद्धा त्यावर वीसेक मीटर पाणी असतं. नाव ऐकूनच अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

फोन केला तर पलीकडून आमचीच बोली. "काय काळजी करू नगा पावणं, मी हाय की. मी बी वाळव्याचाच." झालं. पुढं जे जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं आमच्याच भाषेत दिलं आणि ते आम्ही खरं मानलं. मी अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीचा लॉट समोर आला की हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय आमच्याकडं कुणी बोली लावत नाही. पण हा माणूस मोडून बघावा, असं सहापैकी एकाच्याही मनात आलं नाही. का, तर तो 'हाय की' म्हणाला.

एका माणसाचे ७,५०० ठरले. ३,५०० आधी, उरलेले जेटीवर. आगाऊ पैसे यूपीआयवर पाठवताना नाव आलं कुठल्यातरी मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं. दाजी म्हणाले, "हे कुणाचं नाव?" तो म्हणाला, "मेव्हण्याचं दुकान हाय, माझं लिमिट संपलंय आज." ही पहिली खूण. पुढच्या दोन मिनिटांत एकवीस हजार गेले.

दुसरी खूण आमच्या डोळ्यासमोर पोस्टरवरच छापलेली होती. 'संध्याकाळी साडेपाचला प्रस्थान, नऊला अँग्रियावर, सकाळी सातला परत.' विजयदुर्गपासून अँग्रिया साधारण १०५ किलोमीटर. मासेमारीची बोट सात-आठ नॉटनं चालते, म्हणजे तासाला तेरा ते पंधरा किलोमीटर. १०५ ला १५ नं भागा. सात तास, तेही एका बाजूचे. साडेपाचला निघालेली बोट रात्री साडेबाराच्या आत पोचूच शकत नाही, आणि पोचल्या पोचल्या मागं वळली तरी परत यायला सकाळचे साडेसात. रोज लाखांच्या पट्ट्या लिहिणाऱ्या माणसाला हा भागाकार सुचला नाही. तुम्ही तरी करून बघा.

त्यानं अजून एक फर्माईश केली होती, येताना सांगलीचं भडंग आणा, खलाशांना फार आवडतं. आम्ही दोन किलो नेलं.

फेब्रुवारीतल्या शनिवारी पहाटे निघालो. कोल्हापूर, गगनबावडा, घाट उतरून तळेरे, विजयदुर्ग. जेटी म्हणजे खाडीच्या आत एक मोडका धक्का. माणूस मात्र चोख, पांढरा शर्ट, गॉगल. आल्या आल्या सगळ्यांना लाल लाईफ जॅकेटं घालायला लावली, बोटीपुढं उभं करून फोटो काढला, मोठ्यानं हसायला लावलं. मग प्रत्येकी ५०० रुपये 'परमिट'चे मागितले. राहिलेल्या चोवीस हजारांबरोबर हे तीन हजारही रोख मोजून घेतले. पावती मागितल्यावर म्हणाला, "डिझेलवाल्याकडनं घेऊन येतो, तुम्ही बसा बोटीत." भडंगाची एक पिशवी काखेत मारून गेला तो गेला. तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, इंजिन चालू केलं. आपली वाट बघायची नाही, असं त्या पांढऱ्या शर्टवाल्यानं त्याला सांगून ठेवलेलं दिसत होतं.

बोटीत चढल्यावर जॅकेटं मोजली तर चार. फोटोसाठीची दोन शेजारच्या बोटीची होती, ती परत गेली. चारातल्या एकाचं बक्कल तुटलेलं, ते सुतळीनं बांधलं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघं गेले होते, ती बातमी मला नेमकी तेव्हा आठवली. पण बोट निघाली होती, आणि पैसे दिले होते. पैसे दिलेला माणूस फार लवकर धीट होतो.

आठ वाजता तांडेलानं नांगर टाकला. आम्ही म्हटलं, पोचलो? तो "होय" एवढंच म्हणाला. पूर्वेला दिव्यांची रांग दिसत होती. ते ट्रॉलरांचे दिवे असणार, असं आमचं आम्हीच ठरवलं. दक्षिणेला एक दिवा ठरावीक वेळानं चमकत होता, तोही आम्ही ट्रॉलरांच्याच खात्यात टाकला. बांगड्याचे तुकडे लावले, शिसं बांधलं, तंगूस म्हणजे गळाची नायलॉनची दोरी सोडली. समुद्रावरची रात्र, डोक्यावर इतक्या चांदण्या, आणि बोटाला दोरीतून येणारी ती थरथर. तो एक तास खरंच सुखाचा होता, ते नाकारत नाही.

साडेनऊच्या सुमारास दाजींचा फोन वाजला. पलीकडं आमची ताई. "अहो, पाण्याच्या मोटारीची किल्ली कुठं ठेवलीय?" दाजींनी सांगितलं, फ्रीजवर. फोन ठेवला आणि आम्ही सगळे त्या फोनकडं बघत बसलो. चार दांड्या रेंज होती. किनाऱ्यापासून १०५ किलोमीटरवर ताईचा आवाज असा शेजारच्या खोलीतून आल्यासारखा कसा येईल?

अण्णा काही बोलले नाहीत. उठले आणि खलाशाच्या हातातला तंगूस घेतला. पाटबंधारे खात्यात त्यांनी पावसाळ्यातल्या कितीतरी रात्री नदीची पातळी वाचण्यात घालवल्यात. कोळी लोक खोली वावात मोजतात, दोन्ही हात पसरले की एक वाव, म्हणजे सहा फूट. तळाला टेकलेलं शिसं अण्णा हात पसरून पसरून वर ओढायला लागले. एक, दोन, तीन... सहाव्या वावाला शिसं पाण्याबाहेर लटकत होतं. अण्णांनी ते खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "छत्तीस. आयर्विनला अजून इशारासुद्धा दिला नसता."

भाच्यानं मोबाइलचा नकाशा उघडला. जीपीएसला रेंज लागत नाही, म्हणजे आपण कुठं आहोत हे आम्ही जेटी सोडल्यापासून कधीही बघू शकलो असतो. निळा ठिपका किनाऱ्याला चिकटून बसला होता, जमिनीपासून सात-आठ किलोमीटरवर. तो चमकणारा दिवा देवगडच्या दीपगृहाचा.

मग तांडेलाला विचारलं. ह्या सगळ्या प्रकरणात त्याला सरळ प्रश्न विचारायची ही आमची पहिलीच वेळ. पन्नाशीतला माणूस, ओशाळला. "माका हयच थांबूक सांगल्यान हा," म्हणाला. "आंग्रिया? थय जावक सात-आठ तास व्हये. आणि ह्या होडयेन कोण जाता थय?" त्याला त्या रात्रीचे नऊ हजार मिळणार होते, डिझेल धरून. आमचे अठ्ठेचाळीस. बाकीचे एकोणचाळीस हजार त्या 'हाय की'चे.

पुढं तांडेलानं सांगितलं ते जास्त भीतीदायक होतं. ही नुसती मासेमारीची बोट होती. प्रवासी न्यायचे तर वेगळा परवाना लागतो, तो महाराष्ट्र सागरी मंडळाकडून. ह्या बोटीकडं तो नव्हता, त्यामुळं 'परमिट'चे तीन हजार म्हणजे निव्वळ हवा. गस्तीची बोट आली तर खाली बसा आणि पाहुणे आहोत म्हणा, असं आम्हाला सांगायची सूचना त्याला होती. बोट बुडाली असती तर विम्याच्या कागदावर आम्ही सहा जण कुठंच नव्हतो. व्हिडिओत त्या 'हाय की'नं 'आठवण म्हणून कोरलचा तुकडा' देऊ केला होता, तोही वन्यजीव कायद्यात बसणारा गुन्हा. पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, वाघाच्या बरोबरीला. बरं झालं, अँग्रियाला पोचलो नाही.

ह्या गोंधळात एका गाळेवाल्याच्या गळाला शिंगाळा लागला. आमच्या नदीतल्या शिंगटीसारखा धरायला गेला आणि काटा अंगठ्याच्या मुळात घुसला. शिंगाळ्याच्या काट्याला विष असतं. पाच मिनिटांत हात मनगटापर्यंत सुजला. एवढा धिप्पाड माणूस, पोत्यावर पोती उचलणारा, रडायला लागला. बोटीवर औषधाची पेटी नाही, साधी पट्टी नाही. खलाशानं स्टोव्हवर चहाचं पातेलं ठेवलं, पाणी सोसवेल इतपत गरम केलं आणि त्याचा हात अर्धा तास त्यात धरून ठेवला. कळ उतरली. त्या पोराला मी उतरताना शंभर रुपये दिले तर घेईना.

पहाटे परतलो. सहा जणांत मिळून सात ढोमे, तो एक शिंगाळा आणि तळहाताएवढी एक तांबोशी. जेटीवर कुणी नव्हतं. त्या 'हाय की'चा फोन बंद, दुपारपर्यंत व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटोही गायब.

घरी आल्यावर आम्ही सगळ्यात मोठी चूक केली. चार दिवस गप्प बसलो. एकजण म्हणे गावात हसं होईल, दुसरा म्हणे बायकोला साडेतीन हजारच सांगितलेत. शेवटी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तेव्हा तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, व्यवहाराचा यूटीआर नंबर घेतला आणि विचारलं, पैसे कधी पाठवले? पाठवून तीन आठवडे होऊन गेले होते. हा नंबर पहिल्या काही तासांत खरा उपयोगी, पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता येतं. रोख दिलेल्या सत्तावीस हजारांबद्दल तर बोलायलाच नको.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "बोट मिळाली, समुद्र दिसला, मासे आणलेत, मग फसवणूक कुठली?" अण्णांनी पोस्टर पुढं ठेवलं आणि १०५ भागिले १५ तिथंच कागदावर करून दाखवलं. साहेबांनी कागद दोनदा बघितला आणि अर्ज घेतला. आता चारशे वीस नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लागतं, हेही तिथंच कळलं.

ग्राहक आयोगाचा रस्ता आम्हाला एका ओळखीच्या वकिलांनी दाखवला. २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे सांगलीतच, कोकणात हेलपाटे नकोत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि दोन वर्षांची मुदत. पण तक्रार कुणाविरुद्ध? नाव, पत्ता? आमच्याकडं त्याचं एक टोपणनाव, बंद नंबर आणि रिचार्जच्या दुकानाचं यूपीआय. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नंबर रंगवलेला असतो, त्याचाही फोटो कुणी काढला नाही. सहा मोबाइलमध्ये मिळून दोनशे फोटो, एकातही नंबर नाही. शेवटी दुकानदाराच्या नावानं नोटीस गेली. तो घाबरून नऊ हजार देऊन मोकळा झाला. आपण फक्त कमिशनवर पैसे फिरवले, एवढंच त्याचं म्हणणं. बाकीचे गेले.

गेल्या आठवड्यात भाच्याला नवा व्हिडिओ दिसला. नंबर नवीन, नाव नवीन, आवाज तोच. 'जून स्पेशल, पावसाळी ऑफर, फक्त ५,९९९.' आता १ जून ते ३१ जुलै ह्या कोकण किनाऱ्यावर इंजिनाच्या बोटींना मासेमारीची बंदी असते, हे विजयदुर्गचं शेंबडं पोरही सांगेल. पण हा व्हिडिओ विजयदुर्गसाठी नाहीच, तो सांगली, कराड, इस्लामपूरसाठी आहे.

त्यात तिसऱ्या सेकंदाला एक फोटो येतो, 'अँग्रियावरून परतलेला समाधानी ग्रुप'. लाल जॅकेटं घातलेले सहा जण, मागं निळी बोट, सगळे तोंड फाडून हसताहेत. ते आम्ही. डावीकडून दुसरा, ज्याच्या हातात भडंगाची पिशवी आहे, तो मी. तो फोटो दिसला तर त्या नंबरवर एक रुपया पाठवू नका.