आईसाठी विणलेले बिनबोटांचे हातमोजे : चार महिन्यांच्या वापरानंतर

नाशिकच्या थंडीत पहाटे उठून वाती वळणाऱ्या आणि देवासाठी फुले तोडणाऱ्या माझ्या आईला बोटे झाकणारे हातमोजे कधीच चालले नाहीत, म्हणून गेल्या ऑक्टोबरमध्ये मी तिच्यासाठी बिनबोटांची जोडी विणली. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत तिने ती जवळजवळ रोज वापरली.

मूळ नमुना परदेशी होता. त्यात 8 नंबरच्या (4 मिमी) सुयांवर 44 टाके घालायचे होते आणि 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसणार होते, म्हणजे तळहाताभोवती 20 सेंटिमीटर. आईचा तळहात 19 भरतो, आणि हातमोजा हातापेक्षा थोडा लहान नसेल तर तो लवकरच सैलावून मनगटाशी गोळा होतो. 40 टाक्यांनीही माप जुळले असते, पण वीण विरळ राहिली असती, म्हणून टाके तेवढेच ठेवून मी 10 नंबरच्या (3.25 मिमी) सुया घेतल्या. 10 सेंटिमीटरमध्ये 25 टाके बसले, घेर साडेसतरावर आला आणि दाट विणीमुळे वाराही कमी लागू लागला.

खरा प्रश्न अंगठ्याचा होता. नमुन्यात अंगठ्यासाठी बाजूला नुसती फट सोडलेली होती, आणि आईच्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवाताने सांधा वर आलेला असल्यामुळे वीण नेमकी तिथेच ताणली जाऊन सांध्यावर दाब देत असे. पहिला मोजा तिने दोन दिवसांत काढून ठेवला. तक्रार केली नाही, हेच मला जास्त लागले. मी तो उसवला आणि पाचर घातली : एका टाक्यापासून सुरुवात करून दर तिसऱ्या ओळीत दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवला, असे सात वेळा केल्यावर 15 टाके झाले, ते वेगळ्या धाग्यावर ठेवले आणि नंतर अंगठा विणताना खाचेतून आणखी 3 टाके उचलले. खाचेतून टाके न उचलल्यास तिथे भोक पडते. दोन्ही अंगठे आता मोकळे राहतात. दुखणे गेले असे मी म्हणणार नाही, परंतु सकाळची आखडलेली बोटे लवकर सैल होतात, असे ती स्वतः सांगते.

मनगटाची पट्टी नमुन्यात 10 सेंटिमीटर होती. ती कोटाच्या बाहीखाली जाण्यासाठी ठीक आहे. आईच्या हातात पाटल्या आणि बांगड्या असतात. पट्टी त्यांच्याखाली सरकवली तर बांगड्या रुततात, वर ओढली तर टाके अडकून ओढले जातात. शेवटी ती 5 सेंटिमीटरवर आणली, आणि बांगड्या पट्टीच्या वर राहू लागल्या.

लोकरीबाबत मी आग्रही होते. बाजारातून आणलेल्या तिच्या जुन्या ॲक्रिलिक मोज्यावर काडीची ठिणगी पडून वितळलेल्या कडेचे छिद्र पडले होते. ॲक्रिलिक ज्योतीजवळ पेटते आणि वितळून कातडीला चिकटू शकते, तर लोकर सहज पेट घेत नाही व वितळत नाही. निरांजन लावणाऱ्या हातांसाठी म्हणून मी निव्वळ मेरिनोच घेतली; 50 ग्रॅमची एक गुंडी पुरली. सुरुवातीला ती टोचते म्हणत होती, दोन धुण्यांनंतर तेही थांबले.

उणिवा आहेतच. उजव्या तळव्यावर, जिथे काठीची मूठ घासते, तिथे गोळे धरले आणि वीण पातळ झाली आहे. बोटांकडची कड मी पहिल्यांदा घट्ट बंद केली होती, ती एक नंबर जाड सुईने पुन्हा बंद करावी लागली. धुण्याचीही काळजी घ्यावी लागते : थंड पाणी, सौम्य साबण, पिळणे नाही. एकदा मी नसताना ते गरम पाण्यात चोळले गेले आणि डावा मोजा आटून बराच लहान झाला. तो मी नव्याने विणला. आटलेल्यात आई आता वातींचा कापूस ठेवते.