तीनशे ऐंशी पोती आणि शंभर ठिकाणचा नमुना: तुर्भ्याच्या एका तपासणी प्रयोगशाळेविषयी

वाशीच्या दाणाबंदरात आमच्या घरचा शेंगदाण्याचा व्यापार सासऱ्यांच्या काळापासून चालत आला आहे. माल परदेशी पाठवण्याचे काम मात्र गेली सहा वर्षे माझे धाकटे दीर आणि मी मिळून पाहतो. या सहा वर्षांत भावातील चढउतारांनी किंवा जहाजभाड्याने दिली नसेल इतकी चिंता आम्हाला एका कागदाने दिली आहे, आणि तो कागद म्हणजे अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाच्या तपासणीचा अहवाल. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, तुर्भ्याच्या बाजूला असलेल्या एका खासगी प्रयोगशाळेकडून आम्ही गेल्या वर्षभरात चार खेपा तपासून घेतल्या. तिचे काम कसे आहे, ते कुठे उत्तम आहे आणि कुठे अजून कमी पडते, हे नव्याने निर्यातीत उतरणाऱ्यांसाठी लिहीत आहे. पुढे तक्रारीही येणार असल्यामुळे प्रयोगशाळेचे नाव घेतलेले नाही; अशी कोणतीही प्रयोगशाळा पारखताना काय पाहावे, ते वर्णनावरून समजेल.

आधी आम्ही ज्या दुसऱ्या ठिकाणी जात होतो, तिथला अनुभव सांगणे आवश्यक आहे. तीन वर्षांपूर्वी नेदरलँड्समधील एका खरेदीदारासाठी १९ टन बोल्ड, म्हणजे मोठ्या आकाराच्या प्रतीचा दाणा तयार केला होता. नमुना घ्यायला आलेल्या माणसाने गोदामाच्या दाराजवळच्या आठ-दहा पोत्यांतून मिळून दोनेक किलो दाणा काढला, पिशवीला मोहोर लावली आणि अर्ध्या तासात तो निघून गेला. अहवाल निर्दोष आला, आम्हीही समाधान मानले. रॉटरडॅमला तिथल्या अधिकाऱ्यांनी तोच माल तपासला, तेव्हा आकडा मर्यादेच्या दुपटीहून वर गेला. माल तिथे पुन्हा निवडून घेणे, परत आणणे किंवा नष्ट करणे, एवढेच मार्ग उरले. आम्ही परत आणला, आणि त्या एका खेपेने दोन वर्षांचा नफा नेला. अहवाल खोटा होता असे मी आजही म्हणणार नाही. त्या दोन किलोंत खरोखरच विष नसेल. मात्र त्या दोन किलोंवरून उरलेल्या १९ टनांविषयी काहीही म्हणता येत नव्हते.

हे असे का होते, ते शेंगदाण्याच्या बाबतीत नीट समजून घेतले पाहिजे. अफ्लाटॉक्सिन तयार करणारी बुरशी संपूर्ण पोत्यात सारखी पसरत नाही. पीक भरण्याच्या शेवटच्या टप्प्यात पावसाने ताण दिला तर शेंग जमिनीत असतानाच तिला बुरशी धरते. काढणीच्या वेळी परतीचा पाऊस आला तर वाळवताना धरते. आणि दोन्ही वेळा ती मोजक्याच दाण्यांना धरते, बाकीचे दाणे स्वच्छ राहतात. अतिदूषित दाण्यात हे प्रमाण दर किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅमच्या घरात जाऊ शकते. बोल्ड ४०/५० या प्रतीचा अर्थ एका औंसात ४० ते ५० दाणे, म्हणजे एक दाणा साधारण ०.६ ग्रॅमचा. असा एकच दाणा पूर्ण दूषित असेल तर त्यात सुमारे ६०० मायक्रोग्रॅम विष असते, आणि दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅम या युरोपच्या मर्यादेपर्यंत १५० किलो माल, म्हणजे पन्नास किलोंची तीन पोती न्यायला तो एकटा पुरतो. एका कंटेनरात सुमारे तीन कोटी दाणे असतात. दोन किलोंच्या नमुन्यात त्यांतले जेमतेम तीन हजार येतात, तर वीस किलोंच्या नमुन्यात तीस हजारांहून अधिक. म्हणूनच युरोपीय संघाच्या नियमांत १५ टनांवरील खेपेसाठी शंभर ठिकाणांहून प्रत्येकी सुमारे २०० ग्रॅम, असा वीस किलोंचा एकत्रित नमुना सांगितलेला आहे.

या तुर्भ्याच्या प्रयोगशाळेचे पहिले आणि सर्वांत मोठे श्रेय तिच्या नमुना घेण्याच्या पद्धतीला आहे. पहिल्या खेपेच्या वेळी सकाळी दोन तरुण आले, तेव्हा आमच्या गोदामात ३८० पोती भिंतीला चिकटून पाच थप्प्यांत रचलेली होती. त्यांच्यातल्या मोठ्याने पाहणी केली आणि म्हणाला, "ताई, मागच्या थप्पीपर्यंत वाट करून द्यावी लागेल, तोपर्यंत मी नमुना घेऊ शकत नाही." माझ्या दिरांना ते पटले नाही, माथाडी कामगारांना पुन्हा बोलावणे म्हणजे वाराईचा, म्हणजे हमालीचा खर्च आणि अर्धा दिवस. तरुणाने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही आणि आपले म्हणणेही सोडले नाही. शेवटी पोती हलवली गेली. पोत्यात खुपसायची टोकदार पोकळ सळई, जिला बाजारात परखी म्हणतात, ती त्याने वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरांत, चारही बाजूंनी चालवली. प्रत्येक वेळी पोत्याचा क्रमांक दुसऱ्याने वहीत लिहिला. संध्याकाळी चारपर्यंत शंभर नोंदी पूर्ण झाल्या. त्या दिवशी दुपारी मी गोदामातच थांबले होते, आणि सहा वर्षांत प्रथमच आपला माल कोणीतरी खरोखर पाहतो आहे, असे मला वाटले.

प्रयोगशाळेच्या आतले कामही त्यांनी विनंती केल्यावर दाखवले. वीस किलो दाण्यांतून मूठभर घेऊन बाकी बाजूला ठेवणे हा चुकीचा सोपा मार्ग असतो. इथे सगळा नमुना पाण्यासह दळून त्याचे पातळ मिश्रण करतात आणि त्यातून चाचणीपुरता भाग घेतात, त्यामुळे तो एखादा दूषित दाणा असलाच तर तो सगळ्या मिश्रणात विखुरतो. पुढे विषाला धरून ठेवणारी प्रतिपिंडे असलेल्या लहान नळीतून अर्क गाळला जातो आणि एचपीएलसी या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर बी१, बी२, जी१, जी२ हे अफ्लाटॉक्सिनचे चारही प्रकार वेगवेगळे मोजले जातात. अतिनील प्रकाशात निळे दिसणारे ते बी आणि हिरवे दिसणारे ते जी, ही नावांची साधी फोड मला तिथल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी सांगितली. त्यांनीच या विषाचा शोधही व्यापारातूनच लागल्याचे सांगितले: १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, आणि कारण शोधता शोधता तपास ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला.

अहवाल कसा वाचावा, हे समजावून सांगण्याची त्यांची तयारी मला विशेष मोलाची वाटते, कारण परदेशी मर्यादा एकसारख्या नाहीत. युरोपात थेट खाण्यासाठीच्या शेंगदाण्याला बी१ साठी दर किलोमागे २ आणि एकूण ४ मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. खाण्यापूर्वी निवडण्याची किंवा साल काढण्याची प्रक्रिया होणार असेल तर तीच ८ आणि १५ होते. अमेरिकेत एकूण २० चालतात. आपला निर्यातीचा बहुतेक शेंगदाणा इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स अशा देशांकडे जातो आणि युरोपच्या बाजारात अर्जेंटिनाच्या कोर्दोबा प्रांताचा माल वरचढ आहे. मुळात आपला दाणा कमी प्रतीचा नाही. खाडीपलीकडे तुर्भ्यासमोरच्या ट्रॉम्बे परिसरातील भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाच्या साहाय्याने टीएजी-२४, टीपीजी-४१ यांसारखे वाण तयार केले आणि ते देशभर गेले. आपण मागे पडतो ते वाळवण, साठवण आणि तपासणी या तीन ठिकाणी, असे माझे ठाम मत आहे.

प्रयोगशाळेच्या सचोटीची कसोटी तिसऱ्या खेपेला लागली. उत्तर कर्नाटकातून आलेला तो माल काढणीच्या वेळी पावसात सापडला होता. दिसायला मात्र स्वच्छ होता. अहवालात बी१ चा आकडा ११ आला. खरेदीदार साल काढूनच माल वापरणार होता, तरीही ८ ची मर्यादा ओलांडली गेली. दिरांनी नवा नमुना घेऊन पुन्हा तपासण्याची विनंती केली. त्या रसायनतज्ज्ञ बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "भाऊ, तोच माल पुन्हा पुन्हा तपासला तर कधीतरी कमी आकडा येईलच, पण तो आकडा तुमच्या मालाचा नसेल. आधी माल निवडून आणा, मग नवी खेप म्हणून तपासू." गिऱ्हाईक हातचे जाईल, ही भीती त्यांच्या बोलण्यात नव्हती. आम्ही माल रंग ओळखून वेगळा करणाऱ्या यंत्रातून पुन्हा काढला. सुरकुतलेले, डागाळलेले, फुटके दाणे, ज्यांत विष अधिक साठते, ते दीड टनाहून अधिक निघाले. उरलेल्या मालाच्या तपासणीत बी१ १.६ आला, आणि तो माल रॉटरडॅमला विनातक्रार उतरला.

आता तक्रारी. चार कामकाजी दिवसांत अहवाल देऊ असे कबूल करून दुसऱ्या खेपेचा अहवाल सातव्या दिवशी मिळाला. न्हावा-शेवा बंदरात आमच्या जहाजाची कट-ऑफ वेळ, म्हणजे माल पोहोचवण्याची शेवटची वेळ त्याच्या आदल्या रात्री संपली होती, त्यामुळे माल पुढच्या आठवड्याच्या जहाजावर गेला आणि गोदामाचे भाडे व वाहतूकदाराचा भुर्दंड आमच्याकडे आला. उशीर होणार हे त्यांना पाचव्या दिवशी माहीत होते; एक दूरध्वनी केला असता तर आम्ही आरक्षण बदलून घेतले असते. दुसरी चूक अधिक गंभीर होती. अपेडा या शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारी संस्थेच्या पीनट डॉट नेट या नोंदप्रणालीत प्रक्रिया केंद्रापासून कंटेनर भरेपर्यंत प्रत्येक खेप एका क्रमांकाने ओळखली जाते, आणि चौथ्या खेपेच्या अहवालात त्या क्रमांकातला एक अंक चुकला. आरोग्य प्रमाणपत्र आणि अहवाल यांतील क्रमांक जुळला नाही, तर तिकडच्या बंदरावर तो माल कागदोपत्री दुसराच ठरतो. दुरुस्ती त्यांनी विनामूल्य केली, पण दीड दिवस गेला. शंभर पोत्यांचे क्रमांक इतक्या काळजीने लिहिणारी संस्था कार्यालयातील टंकलेखनात इतकी ढिली असावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. शनिवारी नमुना स्वीकारत नाहीत, हेही छोट्या व्यापाऱ्याला अडचणीचे आहे.

दर बाजारातील इतरांच्या सुमारे दीडपट आहे. माझ्या मते तो योग्य आहे, कारण त्यात दोन माणसांचा पूर्ण दिवस धरलेला असतो. पूर्वी परत आलेल्या एका कंटेनरच्या नुकसानीत अशा कितीतरी तपासण्या झाल्या असत्या.

एक गोष्ट त्यांनी आपणहून जोडली तर सेवा अधिक उपयोगी होईल, ती म्हणजे माल भरण्याच्या दिवशीची ओलाव्याची नोंद. तपासणी आणि कंटेनर भरणे यांत दहा-बारा दिवस जातात, आणि पावसाळ्यात तुर्भ्याच्या गोदामात सात टक्के ओलाव्याचा दाणा तेवढ्या दिवसांत हवेतला दमटपणा ओढून घेतो. त्यातच २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून युरोपकडे जाणाऱ्या अनेक जहाजांनी केप ऑफ गुड होपचा वळसा घेतला आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. तेवढे दिवस लोखंडी पेटी दिवसा तापते, रात्री थंड होते, आतून घाम सुटतो. आम्ही भिंतींना क्राफ्ट कागद लावतो आणि ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतो, तरी आत जाणारा दाणाच ओलसर असेल तर त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. मी हे लेखी सुचवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

फक्त दुबईला किंवा नेपाळला माल पाठवणाऱ्याला ही सेवा महाग वाटेल आणि घाईच्या खेपेसाठी तर मी तिचा सल्ला देणारच नाही. युरोपात पहिल्यांदा माल पाठवणाऱ्याने मात्र ठरलेल्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी तिथे जावे, खेपेचा क्रमांक स्वतः लिहून द्यावा आणि अहवाल हाती येताच तो अंक-अंक ताडून पाहावा. आमची पाचवी खेप डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येणार आहे. या वेळी माथाडी कामगारांना आधीच सांगून ठेवले आहे की थप्प्या भिंतीपासून दोन फूट सोडून रचायच्या आणि दोन थप्प्यांमध्ये परखी घेऊन माणूस जाईल एवढी वाट ठेवायची.