वाळूतून आलेली जिप्सी

कोकणात जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, शोधणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझे ४ लाख १५ हजार गेले. तुमचे जाऊ नयेत.

आमची कलमं गुहागर तालुक्यात, गावाच्या वर सड्यावर आहेत. वर जायला जांभ्यातून काढलेली गाडीवाट आहे. एप्रिल-मेमध्ये आंब्याचे क्रेट न्यायला भाड्याची पिकअप कशीबशी चढते. पण जूनमध्ये पहिल्या पावसानंतर खताच्या गोणी वर न्यायच्या, तर लाल चिखलात चाकं जागच्या जागी फिरतात. मग गोणी डोक्यावरून. बाबांचं वय ७२. त्यांना ती चढण ओझं घेऊन चढताना मला बघवत नव्हतं, म्हणून गाडी घ्यायची ठरवली.

जिप्सीच का? हलकी गाडी, १३०० सीसीचं पेट्रोल इंजिन, गावातला कुठलाही मेस्त्री खोलू शकेल अशी. मारुतीने ती १९८५ मध्ये आणली आणि २०१९ मध्ये बंद केली, त्यामुळे आता मिळेल ती जुनीच. मी सात महिने शोधत होतो. घाटावरच्या धड गाड्या पाच लाखांच्या पुढे सांगत होते. तेवढ्यात दापोली तालुक्यातल्या एका किनारी गावातली जाहिरात दिसली. २०१० ची गाडी, एमएच-१२ म्हणजे पुण्याचं पासिंग, नवा रंग, नवे मड टायर, ४ लाख ६०. फोनवरचा माणूस म्हणाला, "दादा, घरातली गाडी आहे. रविवारशिवाय बाहेर काढत नाही."

मार्च २०२३ मध्ये मी आणि माझा मामेभाऊ धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरलो. सकाळी अकराची वेळ ठरली होती. विकणारा आधी म्हणाला दोन वाजता या, मग म्हणाला चारला. गाडी समोर आली तेव्हा साडेपाच वाजले होते. नुकतीच धुतलेली, पाणी निथळत होतं, इंजिन गरम. आम्हाला परतीची फेरी गाठायची घाई, आणि ते त्याला ठाऊक होतं, कारण कसे येणार हे त्याने फोनवर आपणहून विचारून घेतलं होतं.

मी मागून वाकून खाली पाहिलं. चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, काळं कुळकुळीत नवं कोटिंग. मला आनंदच झाला. समुद्राकाठचा माणूस, खाऱ्या वाऱ्यासाठी काळजी घेतो, असं वाटलं. माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. जुन्या गाडीच्या खाली नवं कोटिंग दिसलं की त्याच्या आत काय आहे ते विचारायचं असतं. मी ते पाहून भाव करायला लागलो.

फोर बाय फोर दाखव म्हटलं. त्याने पुढच्या चाकांवरचे हब (चाक एक्सलला जोडणारे मधले भाग) हाताने फिरवून लॉक केले, छोटा लिव्हर फोर-एलमध्ये (फोर बाय फोरच्या हळू पण जोरकस गिअरमध्ये) टाकला आणि घरामागच्या चढावर गाडी घातली. गाडी हळू, जोरकस, दम न सोडता वर गेली. मामेभाऊ म्हणाला, "बघ, चारही चाकं ओढतात." आम्ही दोघेही आत बसलो होतो. खाली उतरून पुढचं चाक ओढतंय का ते कोणीच पाहिलं नाही.

सौदा ४ लाख १५ वर ठरला. ५० हजार विसार म्हणून मोबाइलवरून त्याच्या मेव्हण्याच्या खात्यात पाठवले. बाकी त्याला रोखच हवे होते, ते चार दिवसांनी नेऊन दिले आणि गाडी घेऊन आलो. पावती नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने २०१७ पासून बंदी आहे, हे मला नंतर कळलं. रोखीचा हट्ट धरणाऱ्याला आपलं नाव कुठेही उमटू द्यायचं नसतं.

कागदांचंही तेच झालं. आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, पुण्यातल्या एका गृहस्थांच्या नावावर. विकणाऱ्याने त्यांच्या सह्या असलेले टीटीओचे, म्हणजे मालकी बदलण्याचे, २९ आणि ३० नंबरचे फॉर्म हातात दिले. "मालक मित्रच आहे आपला," म्हणाला. पुढे त्या गृहस्थांशी बोलणं झालं तेव्हा कळलं की त्यांनी दीड वर्षापूर्वी ती तिसऱ्याच माणसाला दिली होती. मधले दोन-तीन मालक कागदावर आलेच नव्हते. ज्याने माझ्याकडून पैसे मोजून घेतले त्याचं नाव एकाही कागदावर नाही.

पहिले दोन महिने गाडी डांबरी रस्त्यावर आणि सुक्या वाटेवर नीट चालली. जूनमध्ये सहा गोणी टाकून सड्याकडे निघालो. पहिल्याच वळणावर मागची चाकं फिरायला लागली. हब लॉक, फोर-एल, तरी तेच. बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, "अरे, पुढची चाकं हलतच नाहीत." त्या दिवशीही गोणी डोक्यावरूनच गेल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी शृंगारतळीला नेऊन रॅम्पवर चढवली. मेस्त्रींनी बॅटरी मारली आणि मला खाली बोलावलं. ट्रान्सफर केसपासून (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीपासून) पुढच्या एक्सलला जाणारा प्रोपेलर शाफ्टच, म्हणजे तो जोर पोचवणारा दांडाच, नव्हता. काढून टाकलेला. मग तो चढ कसा चढली? मेस्त्रींनी समजावलं, ते नीट लक्षात ठेवा: फोर-एलचा जोर ट्रान्सफर केसमधल्या छोट्या गिअरचा असतो. पुढचा शाफ्ट नसला तरी तो गिअर मागच्या चाकांना लागतोच. सुक्या चढावर गाडी जोर दाखवते आणि बसलेल्याला वाटतं, चारही चाकं चालतात.

त्यानंतर त्यांनी हातोडी घेतली. चासीवर पुढून ठोकत मागे आले. पुढे टणटण आवाज होता, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या शॅकलपाशी, म्हणजे पाटे चासीला जोडलेले असतात तिथे, आल्यावर बद्द झाला. स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. काळ्या कोटिंगखाली पुट्टी, पुट्टीखाली पातळ पत्र्याचे तुकडे ठिगळासारखे वेल्ड केलेले. तुकडा ओढला तर भोकातून वाळू गळायला लागली. ओंजळभर असेल. तिच्यात शिंपल्यांचे बारीक तुकडे होते.

गाडी किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला वापरलेली होती, भरतीच्या पाण्यातून. जिप्सीच्या चासीचे दांडे पेटीसारखे आतून पोकळ असतात. खारं पाणी आणि वाळू आत शिरली की वाळू ओल धरून ठेवते आणि लोखंड आतून कुजतं. बाहेरून कितीही धुवा, आतली वाळू निघत नाही. बहुधा वाळूतल्या ओढाताणीतच पुढचं डिफरन्शियल (एक्सलच्या मधली गिअरची पेटी) गेलं असावं, म्हणून दुरुस्तीऐवजी शाफ्ट काढून ठेवला, असं मेस्त्रींचं मत. चासी बदलायची तर चासी नंबर तिच्यावरच ठोकलेला असतो, म्हणजे आरटीओची परवानगी लागणार. शिवाय नोंदणीची पंधरा वर्षं २०२५ मध्ये भरणार होती. अशा चासीवर पुढचं पासिंग मिळणं शक्यच नव्हतं.

तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा आपला मेस्त्री सोबत न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. गाडी सकाळी, कोरडी आणि इंजिन थंड असताना बघा. ते जमत नाही म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. जवळच्या वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवायला सांगा. शॅकलच्या जागा, पेट्रोल टाकीच्या वरचा क्रॉस मेंबर (आडवा दांडा), बॉडी जिथे चासीवर बसते ते कोपरे हातोडीने ठोकून ऐका. नव्या रंगावर लोहचुंबक फिरवा, पुट्टी असेल तिथे तो नीट चिकटत नाही. सैल मातीवर फोर बाय फोर टाकून एकाला बाहेर उभं करा, त्याने पुढच्या चाकांकडेच बघावं. गाडीचा नंबर परिवहनच्या 'वाहन' संकेतस्थळावर टाकून पासिंग, विमा, कर्जाचा बोजा पाहून घ्या. आणि पैसे आरसीवर नाव असलेल्या माणसाच्याच खात्यात, त्याच्याशी समोरासमोर बोलून. नाव बदलून घेण्याचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. मी "आंब्याचा सीझन संपू दे" म्हणून थांबलो. लगेच गेलो असतो तर मूळ मालकांचा शोध निदान तेव्हाच लागला असता.

तक्रार दिली आहे. तो माणूस फोनवर म्हणतो, "मी फक्त गाडी दाखवली." मेव्हणा म्हणतो, ५० हजार उसने घेतलेले परत आले.

गेल्या दिवाळीत गावात एक दलाल आला होता. खळ्यात उभी असलेली गाडी बघून म्हणाला, "आठ हजारांत कोटिंग मारून देतो, साडेतीन लाखांना घेणारा माझ्याकडे आहे." बाबा पडवीत सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत. दलाल गेल्यावर मी शेजाऱ्यांचा ग्राइंडर आणला आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांवरचं ते काळं कोटिंग घासून काढलं. आता गंज लांबूनही दिसतो.